बारा आठवड्यांच्या गोळ्या



या पानावर आम्ही दरवेळी बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्यातील पाचट अशा विषयांवर लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. आम्ही शेतीची पदविका घेतलेले, डॉक्टर नव्हे. परंतु २०२३-२४ च्या गळीत हंगामात आमच्या गटातील एका सभासदाच्या औषधोपचारात आम्हांस सोबत करावी लागली. तेव्हा जे पाहिले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "लिवा की साहेब, फकस्त नाव घालू नगा." म्हणून येथे त्यांना नुसते तात्या म्हणतो.

तात्यांचे वय अठ्ठावन्न, साडेचार एकर ऊस, दहा वर्षांचा मधुमेह. १९९४ साली ट्रॉली उलटून त्यांची मांडी मोडली तेव्हा दोन बाटल्या रक्त चढविले होते. त्या काळी आपल्याकडे दात्याच्या रक्ताची हेपॅटायटिस सी साठी तपासणी होत नसे. हा विषाणूच मुळी १९८९ साली ओळखला गेला. पुढे त्यावरील कामाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तावाटे शिरलेला हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे गुपचूप बसतो. दुखत नाही, खुपत नाही, पुष्कळदा कावीळही दिसत नाही. तात्यांना कळले ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले तेव्हा. तोवर यकृत निबर होऊ लागले होते. डॉक्टर त्याला सिरोसिस म्हणतात.

आम्हांस मूलभूत बेण्याच्या कामासाठी पुण्याजवळ मांजरीला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये जाणे होतेच. त्याच जीपने तात्यांना व वहिनींना घेतले आणि पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात उतरविले. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली या रोगाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण खर्चाच्या धास्तीनेच अनेकजण तपासणीचा कागद कोनाड्यात ठेवून देतात. सोफोस्बुव्हिर हे औषध २०१३ अखेर अमेरिकेत आले तेव्हा तेथे एका गोळीला हजार डॉलर पडत. २०१५ पासून आपल्याच देशातल्या कंपन्या ते बनवू लागल्या आणि किंमत कोठल्या कोठे खाली आली.

तात्यांची धास्ती मात्र पैशाची नव्हतीच, ती औषधाची होती. आपल्या कारखान्यातील एका फिटरने २००७ साली याच रोगावर जुना उपचार घेतला होता. आठवड्याला एक इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, असे चोवीस आठवडे. काही प्रकारात तर अठ्ठेचाळीस. इंजेक्शन घेतले की रात्री हुडहुडी भरून ताप, अंग ठेचल्यासारखे. पुढे केस गळाले, रक्त कमी झाले, जिना चढताना धाप लागे. सर्वांत वाईट म्हणजे मन खचले. हा हसरा माणूस कोपऱ्यात बसून रडे. औषधानेही असे होऊ शकते हे घरच्यांना कोणी नीट सांगितले नव्हते. चौदाव्या आठवड्यात त्याने उपचार सोडला. हे सारे गावाने पाहिलेले. त्यामुळे तात्यांना औषध लागल्याचे कळताच पारावर एकच बोलणे, "त्या औषधापरीस रोग बरा." तोच फिटर २०१६ साली नव्या गोळ्या घेऊन बरा झाला, ही गोष्ट मात्र पारावर कोणी सांगत नाही.

नवा उपचार नुसत्या गोळ्यांचा आहे. ज्यांचे यकृत शाबूत आहे त्यांना साधारणपणे सोफोस्बुव्हिर व डॅक्लाटास्व्हिर बारा आठवडे. तात्यांसारख्यांना डॅक्लाटास्व्हिरऐवजी व्हेल्पाटास्व्हिर. यकृत फारच बिघडले असेल तर अजूनही रिबाव्हिरिनची जोड द्यावी लागते. त्यात रक्त कमी होते, म्हणून वरचेवर तपासावे लागते. शिवाय नवरा-बायकोपैकी कोणीही ते घेत असले तरी औषध चालू असता व नंतरही काही महिने गर्भ राहू देता कामा नये. गोळ्या सुरू करण्यापूर्वी तात्यांची 'बी' प्रकाराचीही तपासणी झाली. तो विषाणू अंगात असेल तर 'सी' गेल्यावर तो उसळी घेऊ शकतो, असे समजले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली गोळी घेतली. अठ्ठावीस गोळ्यांची डबी, दिवसाला एक. पहिला आठवडा बरा गेला. मग डोके ठणकू लागले, मळमळ, जेवणावरची वासना उडाली, रात्री डोळ्याला डोळा लागेना आणि दिवसभर गळून गेल्यासारखे. पुण्यात डॉक्टरांनी या तक्रारींची कल्पना दिली होती, पण घरी आल्यावर डॉक्टरांचे कोण ऐकतो? मळमळीवर तात्यांनी गावातल्या मेडिकलमधून आम्लपित्ताच्या गोळ्या आणल्या व रोज सकाळी घेऊ लागले. डोकेदुखीवर कोणाच्या तरी सांगण्यावरून ब्रुफेन. एका पाहुण्याने गुळवेलीचा काढा चालू केला. यातले पुण्याला काहीच कळविले नाही.

पाचव्या आठवड्यात त्यांच्या फडात टोळी लागली होती. आम्ही नोंदीसाठी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. तात्या बांधावर उभे, अंग घामाने निथळत होते आणि हात थरथरत होते. काही विचारावे तर भलतेच उत्तर. आम्हांस वाटले ऊन लागले. टोळीतल्या एका बाईने मात्र बरोबर ओळखले. तिच्या सासऱ्याला साखरेचा विकार होता. तिने कोयत्याने एक कांडे सोलले, चार करवे करून तात्यांच्या हातात दिले आणि "चघळा, रस गिळा" म्हणाली. मागून गुळाचा खडाही दिला. पंधरा मिनिटांत तात्या माणसात आले. (शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीएक घालू नये, सरळ दवाखाना गाठावा, हेही येथे सांगून ठेवतो.)

त्या संध्याकाळी तात्यांनी गोळ्यांची डबी आमच्यापुढे आदळली. "न्या साहेब ही तुमच्या पुण्याला. मी मेलो तर ऊस कोण घालवायचा?" वहिनी काहीच बोलल्या नाहीत, दाराआड डोळे पुसत होत्या.

खरे सांगायचे तर क्षणभर आम्हांसही वाटले की राहू द्यावे. पण दुसऱ्या दिवशीच गाडी काढली. ससूनमध्ये डॉक्टरांनी डबीबरोबर घरातली सगळी औषधे टेबलावर मांडायला लावली. मग एकेक उलगडा झाला. साखर उतरली ती नव्या गोळीच्या विषाने नव्हे. विषाणू मरू लागला की यकृताचे काम सुधारते, रक्तातील साखर आपोआप खाली येऊ लागते, आणि मधुमेहाची जुनी मात्रा जड होते. त्यात जेवणाला उशीर. ती मात्रा कमी केली. आम्लपित्ताच्या गोळ्यांचा प्रकार तर अधिक वाईट. त्यांनी पोटातील आम्ल कमी होते आणि मग व्हेल्पाटास्व्हिर अंगी लागत नाही. म्हणजे गोळी गिळूनही मात्रा अपुरी. हुमणीला अर्धी मात्रा दिली की काय होते ते सभासदांना सांगावयास नको. ब्रुफेन सिरोसिसमध्ये घातक, म्हणून तीही बंद. डोके फारच दुखल्यास पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी ठरविल्याइतकेच. काढाही बंद केला. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले आहे.

झटके, क्षय किंवा हृदयाच्या ठोक्यांवर औषध चालू असणाऱ्यांनी तर हे आधीच सांगितले पाहिजे. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे या गोळ्यांचा जोर घालवितात आणि अमिओडारोनबरोबर ठोके धोकादायक मंदावतात.

मळमळीला उपाय साधा निघाला. गोळी सकाळी न्याहारीच्या भाकरीबरोबर घ्यायची आणि दिवसात थोडे थोडे, चार-पाच वेळा खायचे. पाणी बेताने पण दिवसभर. चहा दुपारनंतर नाही, त्याने झोप सुधारली. दुपारी अर्धा तास आडवे व्हायचे. फडावर मुलाने जायचे. हेच तात्यांना सर्वांत जड गेले.

आता उसाच्या रसाविषयी. कावीळ म्हटली की रसवंती, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ऊस आमच्या पोटापाण्याचा विषय, तरी सांगतो की रसाने विषाणू मरत नाही, आणि मधुमेह्याने तर तो ग्लासाने पिऊच नये. उलट रस्त्यावरच्या बर्फातून नि दूषित पाण्यातून 'ए' व 'ई' प्रकारची कावीळ होऊ शकते. त्या पाण्याच्या काविळीवर पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने पुष्कळ संशोधन केले आहे. दारूबद्दल काय लिहावे? आपल्या कारखान्याची आसवनी आहे, हे मान्य. पण यकृताच्या रोग्याला एक घोटही नको.

तात्यांच्या घरी त्यांचे ताट-तांब्या वेगळे केले होते. नातवाला जवळ येऊ देत नसत. डॉक्टरांनी वहिनींना समोर बसवून सांगितले की 'सी' हा रक्तातून जातो; ताटातून, खोकल्यातून, मायेने जवळ घेतल्याने जात नाही. वेगळे ठेवायचे ते दाढीचे पाते, नखे काढायचे यंत्र, दात घासायचा ब्रश. सुई प्रत्येक वेळी नवी. घरातल्या सर्वांची तपासणी झाली, कोणालाही निघाले नाही. ताट त्याच दिवशी एकत्र झाले. डोकेदुखी त्यानंतर निम्म्यावर आली असे तात्या म्हणतात. औषधशास्त्र यावर काय म्हणेल ते म्हणो.

संक्रांतीच्या दोन दिवसांनी शेवटची गोळी झाली. परंतु गोळ्या संपल्या म्हणजे निकाल लागला असे नाही, त्यानंतर बारा आठवडे थांबून विषाणूची तपासणी करतात. पाडव्याच्या आठवड्यात रक्त दिले. अहवालावर विषाणू आढळला नाही असे होते. तात्यांनी तो आमच्याकडून तीनदा वाचून घेतला. अँटिबॉडीची साधी चाचणी पुढेही जन्मभर 'आहे' असेच दाखवील, त्याने घाबरू नये, असे बजावले आहे. पुन्हा दूषित रक्त अंगात गेले तर रोग पुन्हा होऊ शकतो, हेही.

यकृताचा निबरपणा मात्र राहिलेला आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीसाठी यावे लागेल. मांजरीचे आमचे काम त्याच सुमारास काढतो. तात्या सकाळी सहाला गट कार्यालयापाशी येऊन उभे असतात, पिशवीत भाकरी आणि खिशात गुळाचा खडा.