अंबड औद्योगिक वसाहतीतील कर्मचारी प्रशिक्षण व कारकीर्द विकास

हा लेख नाशिक शहरातील अंबड औद्योगिक वसाहतीविषयी आहे. जालना जिल्ह्यातील अंबड हे तालुक्याचे गाव वेगळे.

कर्मचारी प्रशिक्षण म्हणजे हाती असलेले काम ठरलेल्या दर्जाचे व सुरक्षित व्हावे यासाठी कर्मचाऱ्याला दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण होय. कारकीर्द विकास म्हणजे त्याच कर्मचाऱ्याला पुढील काही वर्षांत अधिक जबाबदारीच्या आणि अधिक वेतनाच्या कामापर्यंत नेणारी वाट आखून देणे. मानव संसाधन व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात येतात. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र पहिली असते आणि दुसरी नसते, असे पुष्कळदा आढळते. लहान व मध्यम अभियांत्रिकी उद्योगांची दाटी असलेल्या अंबडमध्ये हे अंतर विशेष स्पष्ट दिसते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. महामंडळाने नाशिकजवळ आधी सातपूर येथे व नंतर मुंबई–आग्रा महामार्गालगत अंबड येथे औद्योगिक वसाहत उभारली. अंबडमध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्हज (आताची सीजी पॉवर) हिचा विद्युत स्विचगिअरचा आणि ग्लॅक्सोचा औषधनिर्मितीचा असे मोठे कारखाने आले. शेजारच्या सातपुरात महिंद्र आणि बॉश (पूर्वीची मायको) यांचे कारखाने आहेत. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखाने दोन्ही वसाहतींत वाढले. दहा-पंधरा माणसे, चार-सहा यंत्रे आणि एक गाळा एवढाच त्यांतील अनेकांचा पसारा असतो.

कामगारवर्ग प्रामुख्याने नाशिक जिल्ह्याचा ग्रामीण भाग, कसमादे पट्टा, खानदेश व मराठवाडा येथून आला. पुढे उत्तर प्रदेश व बिहारमधील तरुणांची त्यात भर पडली. सिडकोच्या सहा योजनांमधील छोट्या घरांतून या कामगारांची एक पिढी वाढली. त्यांच्या मुलांपैकी अनेकांनी सातपूर येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, जोडारी, कातारी, यंत्रकारागीर, वीजतंत्री किंवा संधाता यांपैकी एखादा व्यवसाय शिकून पुन्हा याच वसाहतींची वाट धरली.

काम शिकण्याची रीत

लहान कारखान्यात प्रशिक्षणाचा वेगळा वर्ग नसतो. नवा मुलगा हेल्पर म्हणून लागतो. माल उचलणे, बुरादा काढणे, तयार जॉब पुसून ठेवणे ही त्याची पहिली कामे. काही महिन्यांनी तो यंत्रावर जॉब लावू-काढू लागतो व ऑपरेटर म्हणवला जातो. त्यापुढची पायरी सेटरची. ऑपरेटर आणि सेटर यांच्यातील फरक बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, पण वेतनातला आणि प्रतिष्ठेतला सगळा फरक तेथेच आहे.

सीएनसी यंत्रावर ऑपरेटर जॉब पकडतो, बटण दाबतो आणि ठरावीक नगांनंतर व्हर्निअर किंवा मायक्रोमीटरने माप घेतो. कापणाऱ्या टूलची धार हळूहळू झिजते आणि माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सरकू लागते. किती सरकले हे ओळखून यंत्राला तेवढी सुधारणा सांगणे, याला टूल ऑफसेट देणे म्हणतात. ते करण्याचा अधिकार बहुधा सेटरकडे असतो. नव्या जॉबसाठी फिक्स्चर बसवणे, शून्यबिंदू ठरवणे, पहिला नग तपासून मंजूर करून घेणे हीसुद्धा सेटरची कामे. ऑफसेट देताना चिन्हाची चूक झाली, अधिकच्या जागी उणे पडले, तर टूल जॉबवर आदळून हजारो रुपयांचे नुकसान होऊ शकते. त्यामुळे मालक शिकाऊ मुलाला त्या कळफलकाला हात लावू देत नाही. आणि हात लावल्याशिवाय तो शिकत नाही! या कोंडीत अनेकांची उमेदीची वर्षे ऑपरेटर म्हणूनच निघून जातात.

जुना कारागीर आपली हातोटी सहजासहजी सांगत नाही, ही तक्रारही जुनी आहे. तिच्यामागे निव्वळ कोतेपणा असतो असे नाही; आपण शिकवलेला मुलगा कमी पगारात आपल्याच जागी उभा राहील, ही भीती निराधार नसते. शिकवणाऱ्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही, उलट शिकवण्याचे काम त्याच्या पदोन्नतीत धरले जाईल, अशी हमी नसेल तेथे कामावरचे प्रशिक्षण अर्धेच राहते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी एक पद्धत बसविण्यात आली. शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम टप्प्याटप्प्याने करून दाखवणे, त्याच्याकडून ते कारणांसह करवून घेणे आणि मग देखरेख कमी करत जाणे अशा चार पायऱ्या तीत होत्या. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी ती मनापासून स्वीकारली. तिला वर्ग, फळा वा प्रक्षेपक काहीच लागत नाही. लागतो तो शिकवणाऱ्या पर्यवेक्षकाचा वेळ, आणि उत्पादनाचे लक्ष्य डोक्यावर असलेल्या पाळीत नेमका तोच सापडत नाही.

कुशलता तक्ता

वाहन उद्योगाला माल पुरविणाऱ्या कारखान्यांना आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफ १६९४९ ही गुणवत्ता प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. कामगाराची क्षमता ठरवणे, उणीव असेल तेथे प्रशिक्षण देणे आणि त्याची नोंद ठेवणे या मानकांनुसार बंधनकारक आहे. म्हणून अशा कारखान्यांच्या भिंतीवर कुशलता तक्ता, तेथील भाषेत ‘स्किल मॅट्रिक्स’, लावलेला दिसतो. आडव्या ओळीत यंत्रे किंवा कामे, उभ्या ओळीत कामगारांची नावे आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेले वर्तुळ असते. एक भाग रंगवलेला असेल तर कामाची ओळख आहे, दोन असतील तर देखरेखीखाली काम जमते, तीन म्हणजे स्वतंत्रपणे जमते आणि पूर्ण वर्तुळ म्हणजे दुसऱ्याला शिकवता येते, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ.

या साधनाची खरी उपयुक्तता शेवटच्या पावभागात आहे. शिकवता येणे ही वेगळी आणि वरची कुशलता आहे, हे त्यात मान्य केलेले असते. तक्ता प्रामाणिकपणे भरला तर कोणते यंत्र एकाच माणसावर अवलंबून आहे हे व्यवस्थापकाला एका दृष्टिक्षेपात कळते आणि आपल्याला पुढे काय शिकायचे आहे हे कामगारालाही कळते. परीक्षणाच्या आदल्या दिवशी घाईने वर्तुळे रंगवण्याची प्रथाही कारखान्यांना अपरिचित नाही. वर्तुळ पूर्ण झाल्यावर वेतन वा पद बदलत नसेल, तर कामगाराच्या दृष्टीने तो तक्ता भिंतीवरची शोभाच ठरतो.

प्रशिक्षणाच्या परिणामाचे मोजमाप करण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेली चार पातळ्यांची पद्धत पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळते. प्रशिक्षण आवडले का, त्यातून काही शिकले का, कामात ते उतरले का आणि संस्थेला त्याचा फायदा झाला का, हे त्यातील चार प्रश्न. बहुतेक अभिप्रायपत्रके पहिल्या प्रश्नापाशी थांबतात. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चौथ्या प्रश्नाचे उत्तर खरे तर फार दूर नसते. नाकारलेल्या नगांची रोजची नोंद तेथे ठेवलेलीच असते.

शिकाऊ उमेदवारी आणि कायदा

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ हा या क्षेत्रातील मुख्य कायदा आहे. आयटीआय उत्तीर्ण झालेला उमेदवार या कायद्याखाली ठरावीक मुदतीसाठी कारखान्यात शिकतो, त्याला विद्यावेतन मिळते आणि अखेरीस परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवता येते. २०१४ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. २०१९ मधील नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी कंत्राटी कर्मचारी धरून एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. चार ते एकोणतीस कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांसाठी ते ऐच्छिक ठेवण्यात आले. त्याच वेळी किमान मासिक विद्यावेतन आयटीआय उत्तीर्णांसाठी ७,००० रुपये, पदविकाधारकांसाठी ८,००० रुपये व पदवीधरांसाठी ९,००० रुपये असे ठरले. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र शासन उचलते.

कायद्याच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे सर्वसाधारण कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. आरोग्य, सुरक्षितता व अपघाताची भरपाई यांबाबतच्या तरतुदी मात्र लागू होतात. कलम २२ नुसार मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असे म्हटले, की इतर बाबी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे. २०१४ च्या दुरुस्तीने प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांच्या भरतीबाबत प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवावे, अशी तरतूद आणली. धोरणात काय असावे हे मात्र कायद्याने सांगितलेले नाही.

वादाचे मूळ येथेच आहे. ‘प्रशिक्षणार्थी’ हा शब्द शिकण्याच्या अवस्थेसाठी आहे. अनेक औद्योगिक पट्ट्यांत तो स्वस्त मनुष्यबळाच्या एका वर्गाचे नाव होऊन बसला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘नीम’ योजनेखालील प्रशिक्षणार्थ्यांना नियमित उत्पादनाच्या कामावर राबवले जाते, असा कामगार संघटनांचा आक्षेप होता. पुढे परिषदेनेच ती योजना मागे घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरले. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढवण्यात आली. मुदत संपत आल्यावर राज्यभरातील प्रशिक्षणार्थ्यांनी कायम नोकरीची मागणी करत आंदोलने केली. प्रशिक्षणानंतर काय, हा प्रश्न त्या मागणीत होता.

मालकाची अडचण

मालकांच्या बाजूचे म्हणणेही ऐकण्याजोगे आहे. हेल्परला सेटर करायला वेळ व नासाडी दोन्ही लागतात आणि तो तयार झाला, की शेजारच्या गल्लीतील कारखाना दोन हजार रुपये जास्त देऊन त्याला नेतो. वसाहतीत कारखाने एकमेकांना खेटून असल्यामुळे नोकरी बदलताना कामगाराला घर बदलावे लागत नाही. सायकलचा रस्ता तेवढा बदलतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या मानवी भांडवलावरील ग्रंथात याची मांडणी केली आहे. एकाच संस्थेत उपयोगी पडणाऱ्या कौशल्यावर ती संस्था खर्च करते. जे कौशल्य कोठेही चालते, त्याचा खर्च कामगारच शिकण्याच्या काळात कमी वेतन घेऊन सोसतो. सीएनसी यंत्राचे सेटिंग हे दुसऱ्या प्रकारचे कौशल्य आहे. कमी विद्यावेतनाचे समर्थन यातून निघते, पण त्यासाठी खरोखर शिकवले गेले पाहिजे, ही अट त्यात अंतर्भूत आहे. वर्षभर माल उचलून घेतला असेल तर कामगाराने किंमत मोजली आणि वस्तू मिळाली नाही, असा व्यवहार होतो.

काही आस्थापना प्रशिक्षणाच्या मोबदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे बंधपत्र लिहून घेतात. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अशी अट वाजवी असल्यास वैध ठरू शकते असा निर्णय दिला. तो बँकेतील अधिकाऱ्याबाबत होता. पाच हजारांच्या फरकासाठी नोकरी बदलणाऱ्या ऑपरेटरविरुद्ध न्यायालयात जाणे लहान कारखानदाराला परवडणारे नसते.

खर्च वाटून घेणे हा दुसरा मार्ग आहे. अंबड येथील नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर हे सामाईक सुविधा केंद्र एकट्या लहान उद्योजकाला न झेपणाऱ्या यंत्रांसाठी व चाचण्यांसाठी उभे राहिले. वसाहतीतील आयमा आणि सातपूरची निमा या उद्योजक संघटना आहेत. प्रशिक्षणाचा भार अशा सामाईक व्यवस्थेवर गेला, तर शिकलेला माणूस कोणत्या गाळ्यात गेला याने फारसे बिघडत नाही. तो वसाहतीतच राहतो.

कारकिर्दीच्या वाटा

मोठ्या कारखान्यात श्रेणी असतात, संघटनेशी दर काही वर्षांनी वेतनकरार होतो आणि पदोन्नतीचे नियम लिहिलेले असतात. पंधरा माणसांच्या गाळ्यात मालक, एक पर्यवेक्षक आणि बाकीचे अशी तीनच पदे. तेथे वर चढायला शिडी नसते, म्हणून कामगार आडवा सरकतो. दर दोन वर्षांनी कारखाना बदलणाऱ्याला अस्थिर म्हणण्याची पद्धत आहे, पण त्याच्या नोकऱ्या क्रमाने लावून पाहिल्या तर पुष्कळदा हेल्पर, ऑपरेटर, सेटर हाच प्रवास दिसतो.

शिक्षणाची वाटही उपलब्ध आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यास तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पाळी सांभाळून पदवी घेणे शक्य केले. मिळवलेली पदवी कारखान्याच्या दफ्तरात नोंदवली जाते की नाही आणि त्यामुळे काम बदलते की नाही, हे मात्र त्या त्या व्यवस्थापनावर सोडलेले असते.

स्त्रियांच्या बाबतीत अडथळा निराळा होता. विद्युत उपकरणांच्या जुळणीत त्या कुशल ठरल्या, परंतु कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ ने संध्याकाळी सातनंतर त्यांना कामावर ठेवण्यास मनाई केली होती. सेटर व पर्यवेक्षक यांना तिन्ही पाळ्या फिरून कराव्या लागत असल्याने ही पदे आपोआप पुरुषांकडे गेली. राज्याने २०१५ मध्ये केलेल्या दुरुस्तीने सुरक्षितता, वाहतूक इत्यादी अटींवर रात्रपाळीस मुभा दिली. त्या अटी पूर्ण करण्याची तयारी मोठ्या कारखान्यांपुरती मर्यादित राहिली, तर लहान गाळ्यांतील स्त्रिया जुळणीच्या टेबलापाशीच थांबतात.

याखेरीज स्वतःचा उद्योग ही वाट अंबडमध्ये पूर्वीपासून आहे. दहा-पंधरा वर्षे सेटर म्हणून काम केलेला कामगार जुने यंत्र कर्जाने घेतो, भाड्याच्या गाळ्यात बसवतो आणि पूर्वीच्या मालकाकडूनच जॉबवर्क मिळवतो. सुरुवातीला यंत्रावर तो स्वतःच उभा राहतो. काम वाढले की एक हेल्पर ठेवतो, आणि त्या मुलाला ऑफसेटच्या कळफलकाला केव्हा हात लावू द्यायचा, हा निर्णय आता त्याला घ्यावा लागतो.