सुपे : जळालेल्या वह्यांचा धडा

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील कोरडवाहू पट्ट्यात सुपे हे जुने बाजारपेठेचे गाव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीने सुप्याचे नाव येते. पुढे संभाजी मोहिते यांच्याकडून शिवाजी महाराजांनी हा परगणा आपल्या हाती घेतला. तथापि देशाच्या आर्थिक इतिहासात या गावाची नोंद झाली ती १२ मे १८७५ या दिवसामुळे.

त्या काळी सुपे भीमथडी तालुक्यात होते. पेठेत गुजराती व मारवाडी सावकारांची दुकाने होती. आसपासच्या खेड्यांतील कुणबी येथेच धान्य विकी, येथेच कापड घेई आणि सारा भरण्यासाठी येथूनच कर्ज काढी. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून लोक जमले आणि त्यांनी दुकानांवर हल्ला केला. धान्य लुटले गेले, काही घरांना आगी लागल्या. पण जमावाची मुख्य मागणी एकच होती : वह्या आणि कर्जखते स्वाधीन करा. ती हाती येताच त्यांची होळी झाली. हे लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. ९५१ जणांना अटक झाली.

या उद्रेकामागे दीर्घ कारणपरंपरा होती. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि हिंदुस्थानी कापसाला अपूर्व भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व पतपुरवठा आटला. त्यातच नव्या आकारणीने सारा वाढला. १८५९ च्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षे ठरवली होती. हेतू कुळाच्या हिताचा होता; परंतु दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची रीत पडली. निरक्षर कुळ त्याखाली नांगराची निशाणी करी. किती फेडले, किती उरले, हे त्याला ठाऊक नसे. ते ठाऊक असे फक्त वहीला, आणि वही दुसऱ्याच्या घरी असे.

सगळेच सावकार लबाड नव्हते. अवर्षणात बियाणे व दाणागोटा देणारे दार त्यांचेच होते आणि साऱ्याचा तगादा सरकारचा होता. मात्र रयतेला रोज दिसणारा चेहरा सावकाराचा असल्याने संतापही त्याच्यावर फुटला. अनेक गावी कागद हाती येताच जमाव पांगला, मारहाण झाली नाही. लोकांचा राग माणसापेक्षा न कळणाऱ्या हिशेबावर अधिक होता, असाच याचा अर्थ होतो.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायालयाला खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. सावकाराने पैसे मिळताच पावती द्यावी, वर्षाचा हिशेब उतरवून द्यावा आणि कुळाने मागितल्यास पासबुक द्यावे, असे बंधन घातले गेले. आज बँकेचे पासबुक ही क्षुल्लक बाब वाटते. सावकारावरील पासबुकाच्या त्या बंधनामागे मात्र सुप्याच्या पेठेतील ती राख होती.

पिढ्यान्‌पिढ्या पेठेत बसणाऱ्या घराण्यांसाठी सुप्याचा धडा स्पष्ट आहे. वही बिनचूक असणे पुरेसे नाही. ज्याचे नाव तीत लिहिले आहे, त्यालाही ती वाचता आली पाहिजे. उधारीचा व्यवहार दोघांचा असतो, म्हणून हिशेबही दोघांच्या घरी असावा. पेढीची पत तिजोरीत नसते. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या विश्वासात असते.