झडपेचा जंतुसंसर्ग : बरा झाला तरी गाफील नको

तोंडातले किंवा त्वचेवरचे जंतू रक्तात शिरून हृदयाच्या झडपेवर ठाण मांडतात, तो आजार म्हणजे एंडोकार्डायटिस. उपचार न झाल्यास तो जीव घेतो आणि बरा झाल्यावर उलटूही शकतो. त्याविषयीचे काही गैरसमज महागात पडतात.

गैरसमज : एकदा होऊन गेला, आता धोका टळला.
वस्तुस्थिती : गोवर-कांजिण्यांसारखी प्रतिकारशक्ती इथे येत नाही. उलट, खराब झालेल्या झडपेवर जंतू सहज चिकटतात. कृत्रिम झडपेलाही संसर्ग होतो. म्हणून हा आजार होऊन गेलेले आणि झडप बदललेले रुग्ण सर्वाधिक धोक्याच्या गटात मोडतात.

गैरसमज : ताप उतरला, आता इंजेक्शने थांबवावीत.
वस्तुस्थिती : झडपेवर फायब्रिन, प्लेटलेट आणि जंतूंचा गोळा जमतो. त्याच्या आत पांढऱ्या पेशी फारशा पोचत नाहीत आणि सुस्त पडलेले जंतू औषधाला लवकर दाद देत नाहीत. म्हणून शिरेतून अँटिबायोटिक साधारण ४ ते ६ आठवडे द्यावे लागते. डेन्मार्कमधील ‘पोएट’ चाचणीत (२०१९) प्रकृती स्थिरावलेल्या रुग्णांना पुढचे उपचार गोळ्यांनी देता आले. पण हा निर्णय डॉक्टरांचाच. झडप निकामी होऊन दम लागू लागला किंवा संसर्ग आटोक्यात येईना, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

गैरसमज : ताप आला की घरातली अँटिबायोटिक गोळी घ्यावी.
वस्तुस्थिती : एवढ्यानेही रक्तातले जंतू दबतात आणि ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. मग नेमके औषध निवडणे अवघड होते. आधी वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्ताचे तीन नमुने, मग औषध.

गैरसमज : दर २१ दिवसांनी पेनिसिलिन घेतो, दात काढताना वेगळे औषध कशाला?
वस्तुस्थिती : ते इंजेक्शन झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप (ऱ्हुमॅटिक फीव्हर) उलटू नये म्हणून असते, एंडोकार्डायटिसपासून ते वाचवत नाही. धोक्याच्या गटातल्या रुग्णाने दात काढण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटे अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो. एरवी तो अमॉक्सिसिलिनचा असतो. पेनिसिलिन चालू असल्यास दुसऱ्या गटातले औषध देतात. रोज दात नीट घासणे आणि हिरड्या निरोगी ठेवणे याला मात्र पर्याय नाही.

झडपेचा आजार असेल, तर दंतवैद्यांना तो आधी सांगा. ताप दोन-तीन दिवस टिकला, तर गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : “माझे ब्लड कल्चर करायचे का?”