राखाडी लाकूड आणि रांगते मूल

पावसाळा ओसरला की पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी ह्या किनाऱ्यांवर एका धंद्याला वेग येतो. हॉटेलांपुढील लाकडी डेक, म्हणजे उघड्यावरच्या फळ्यांच्या त्या प्रशस्त बैठका, चार महिने पाऊस पिऊन राखाडी व शेवाळलेल्या झालेल्या असतात. कंत्राटदार त्या धुऊन, घासून, तेल पाजून पूर्ववत करून देतो. गावात हेच काम चतुर्थीपूर्वी चालते. तेथे डेक नसतो, परंतु बल्कांव, खांब, गजांच्या खिडक्या आणि आजोबांच्या काळातील दरवाजे असतात. बालरोगतज्ज्ञाने सुताराच्या कामात नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. कारण एवढेच की, ह्या कामाची धूळ जमिनीवर बसते आणि जमिनीवर मूल रांगत असते.

आधी लाकडाविषयी. उन्हातील अतिनील किरण लाकडातील लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर राखाडी तंतू उरतात. हा थर अगदी पातळ असतो. खालचे सागवान किंवा माट्टी बहुधा शाबूत असते. म्हणून जाणता मेस्त प्रथम यंत्र हाती घेत नाही. तो मऊ ब्रश व सोडियम परकार्बोनेटचे पाणी वापरतो, फळी पुरती वाळू देतो आणि मगच तेल लावतो. पाण्याचा जोरदार फवारा मारला, तर तंतू उभे राहतात व फळी पूर्वीपेक्षा लवकर खराब होते.

डिचोलीकडे आणखी एक उपद्रव आहे. तेथील लाल धुळीत लोह आहे. ओल्या लाकडातील टॅनिनशी लोहाचा संयोग झाला की काळे डाग पडतात. गंजक्या खिळ्याभोवतीही तेच दिसते. ते ऑक्झॅलिक आम्लाने जातात. परंतु हे आम्ल साखरेसारखे पांढरे, स्फटिकरूप असते. पोटात गेल्यास रक्तातील कॅल्शियम खाली येते आणि मूत्रपिंडांना इजा होते. त्याचे द्रावण, टर्पेंटाइन, थिनर, हे सारे आपल्याकडे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची जी रीत आहे, तिच्याइतकी घातक रीत मला दुसरी ठाऊक नाही. टर्पेंटाइन प्यालेल्या मुलास वांती करविणे म्हणजे ते फुप्फुसात पोहोचविणे होय. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. दम्याच्या मुलाला तो फारच बाधतो. वाळवीसाठी वाशांना लावण्याचे काजूच्या टरफलांचे काळे तेलही ओले असेतोवर कातडीवर फोड आणते.

तथापि हे सारे अपघात निदान दिसतात तरी. शिसे दिसत नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिसे दशलक्षात 90 भागांपुरते मर्यादित करणारा नियम 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून अंमलात आला. त्यापूर्वीच्या रंगात, विशेषतः चकचकीत हिरव्या, पिवळ्या, तांबड्या तैलरंगात, ते असू शकते. असा दरवाजा घासयंत्राखाली कोरडाच घासला की बारीक धूळ घरभर होते. ज्योतीने रंग जाळला तर शिशाची वाफही श्वासात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या चार ते पाचपट शिसे मूल शोषून घेते, आणि लोह कमी असेल तर त्याहून अधिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 6 ते 59 महिने वयाची 67.1 टक्के मुले रक्तक्षयी आढळली, हे येथे विसरता येत नाही.

जुना रंग घट्ट असेल तर त्याच्यावरच नवा द्यावा. काढायचाच असेल तर पाणी शिंपडून, ओल्या पॉलिश पेपरने. खाली प्लास्टिक अंथरून, मुलांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी पाठवून. शेवटी झाडू नको, ओले फडके हवे. कंत्राट ठरविताना दर चौरस मीटरमागे घासाघीस होते. धूळ कोण व कशी उचलणार, हेही तेव्हाच ठरवावे.

घरमालकाचे मूल आठवड्याभराने सुटते. मजुराचे मूल सुटत नाही. कामाच्या जागीच शेड, तेथेच चूल आणि खेळायला रंगाच्या खपल्या. बापाच्या कपड्यांवरून रोज संध्याकाळी तीच धूळ येते. पोटदुखी, बद्धकोष्ठ, चिडचिड, माती खाणे, औषधाला दाद न देणारा रक्तक्षय अशी तक्रार घेऊन मूल आले, तर वडील काय काम करतात आणि घरी रंगकाम चालू आहे काय, हे दोन प्रश्न केसपेपरावर लिहिलेले असावेत. शंका आल्यास शिशाची तपासणी सांगावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनाप्रमाणे डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास ते कोठून येते हे शोधून थांबवायचे असते. नमुना शिरेतूनच घ्यावा. बोट टोचून घेतल्यास कित्येकदा बोटावरची धूळच मोजली जाते.