चौकटीला पॉलिश की ऑइल पेंट? ग्राहकाला उत्तर देण्याआधी हे बघा

पेंटिंग-पॉलिशची कामं घ्यायला लागलात की हा प्रश्न पहिल्याच साइटवर येतो. घरमालक दाराकडे बोट दाखवून विचारतो, "चौकटींना पॉलिश करू की पांढरा पेंट मारू? काय चांगलं दिसेल?" आणि आपण आपली आवड सांगून मोकळे होतो. इथेच पहिली चूक होते.

आधी लाकूड बघा. सागवान आहे, रेषा छान आहेत, तर पॉलिशला अर्थ आहे. एमडीएफच्या पट्ट्या असतील तर त्याला रेषाच नाहीत. कितीही भारी स्टेन लावा, पुठ्ठ्यासारखंच दिसणार. तिथे सरळ पेंट. आणि साध्या लाकडाच्या चौकटीत जोड, गाठी, खिळ्यांची भोकं असतात. पेंटखाली लांबी हे सगळं झाकते. पॉलिशखाली तीच लांबी डागासारखी उठून दिसते, आणि मग ग्राहक सुताराला नाही, तुम्हाला फोन करतो!

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉलिशवर पुढे कधीही पेंट मारता येतो. नीट घासायचं, प्रायमर मारायचा, झालं. उलटं करायला गेलात तर कंबर मोडते. मी स्वतः मोडून घेतली आहे. सुरुवातीच्या काळात एका जुन्या घराच्या चौकटी नेहमीच्या पॉलिशच्या रेटने घेतल्या. सागवान होतं, पण वर ऑइल पेंटचे थरावर थर. सपाट भागावरचा रंग निघाला, पण नक्षीच्या खाचांत बसलेला निघेना. दोन दिवसांचं काम आठवडाभर चाललं आणि मजुरी माझ्या खिशातून गेली. चूक कुणाची? माझीच. कोटेशन द्यायच्या आधी कोपऱ्यात एकदा खरवडून बघितलं असतं तर कळलं असतं. त्यामुळे जुना रंग काढण्याची कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाका, वेगळ्या रेटने.

म्हणून लाकूड सागवान असेल आणि ग्राहकाचं ठरत नसेल, तर मी पॉलिशच सुचवतो. रस्ता उघडा राहतो.

हवामानही विसरू नका. मुंबई-कोकणात भर पावसात मेलामाइन किंवा चपड्याचं पॉलिश केलंत तर दमट हवेने पांढरट झाक येऊ शकते. पावसाळ्यात तारीख देताना दोन दिवस हातचे राखा. पांढऱ्या ऑइल पेंटचंही एक दुखणं आहे: उजेड कमी असलेल्या खोलीत तो हळूहळू पिवळा पडतो. हे आधी सांगितलंत तर माहिती, नंतर सांगितलंत तर सबब. पांढराच हवा असेल तर पाण्याचा इनॅमल सुचवा.

आणि हो, शेड कार्ड दाखवून स्टेन ठरवू नका. एकच स्टेन दोन लाकडांवर दोन रंग दाखवतो. त्याच चौकटीच्या लाकडाचा तुकडा सुताराकडून मागून घ्या, त्यावर शेवटच्या हातापर्यंत पूर्ण पॉलिश करा आणि मागे ग्राहकाची सही घ्या. शेवटचं बिल हातात पडेपर्यंत तो तुकडा तुमच्या पिशवीत राहू द्या.