नवोदयमुळे मुलं हुशार होतात का?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात असं होतं: सांगली जिल्ह्यातल्या पलूसचं आणि साताऱ्याजवळच्या खावलीचं जवाहर नवोदय विद्यालय घ्यायचं, आसपासच्या मराठी माध्यमाच्या शाळा घ्यायच्या, दहावीचे गुण शेजारी मांडायचे. जो फरक येईल तो इंग्रजी माध्यमाचा परिणाम. गाइडनी वाचून एवढंच विचारलं, "ही मुलं नवोदयला गेली नसती तर काय नापास झाली असती का?"

सहा महिन्यांचं काम तिथंच बसलं. तुमचं बसू नये म्हणून हे लिहितोय.

नवोदयला सहावीत प्रवेश परीक्षेतून मिळतो. मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा, एकूण 100 गुण, दोन तास. एका विद्यालयात वर्षाला साधारण 80 जागा. म्हणजे शाळेनं काही शिकवण्याआधीच मुलं निवडून आलेली असतात, आणि त्यांच्यामागे पाचवीत जादा तास घेणारे गुरुजी, रात्री सराव करून घेणारी आईसुद्धा असते. हा झाला निवडीचा दोष. शिवाय नवोदय सीबीएसईचं, बाकीच्या शाळा राज्य मंडळाच्या. दोन मंडळांचे गुण एका तक्त्यात मांडले होते मी! त्यावर गाइड काही बोलले नाहीत, नुसते हसले.

"माध्यम" हा शब्दही तपासून घ्या. नवोदयच्या योजनेत सातवी-आठवीपर्यंत मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा आहे. त्यानंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रं हिंदीतून. त्यात नववीत काही मुलं वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. वसतिगृह, जेवण, संध्याकाळचा अभ्यास हे सगळं वेगळंच. आता सांगा, गुण वाढले तर श्रेय इंग्रजीला द्यायचं की वसतिगृहाला? या तुलनेतून ते वेगळं काढताच येत नाही. "नवोदयमध्ये शिकण्याचा परिणाम" एवढंच म्हणता येतं, आणि ते म्हणायलाही नीट पद्धत लागते.

ती पद्धत म्हणजे रिग्रेशन डिसकंटिन्युइटी. नावाला घाबरू नका. समजा कटऑफ 80 आहे. 81 वाला आत गेला, 79 वाला गावच्या शाळेत राहिला. त्या दोन गुणांत हुशारीचा फरक नसतो. एखादं गणित चुकलं, एखादा गोल चुकीचा रंगवला, बस्स. म्हणून उंबरठ्याच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं तुलनेला योग्य. 95 वाला आणि 40 वाला सोडून द्यायचे. दोन्ही गटांना पुढे एकच चाचणी तुम्हीच द्यायची, म्हणजे मंडळांचा घोळही मिटतो.

पण कटऑफ एक नसतो. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना, शिवाय प्रवर्गनिहाय आरक्षण. प्रत्येक गटाचा उंबरठा वेगळा धरावा लागतो. आणि न निवडलेल्या मुलांचेही गुण लागतात, तेव्हा विषय नक्की करण्याआधी ते मिळतील का ते बघा.

शेवटी आकडेमोड. पलूस आणि खावली मिळून वर्षाला साधारण 160 मुलं. त्यांतली उंबरठ्याजवळची किती, त्यांचे पुन्हा गट पाडल्यावर प्रत्येकात किती उरतात, हे एकदा वहीत मांडा. मी मांडलं, आणि शीर्षकातलं "सातारा व सांगली जिल्ह्यांतील" खोडून "महाराष्ट्रातील" लिहिलं.