तप्त बहिर्ग्रह : परावर्तनक्षमता व वातावरण

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांपैकी ताऱ्याच्या अत्यंत निकट असणाऱ्या व त्यामुळे शेकडो ते काही हजार अंश से. तापमान असणाऱ्या ग्रहांस तप्त बहिर्ग्रह म्हणतात. मिशेल मेयर व दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये शोधलेला ‘५१ पेगासी बी’ हा ग्रह याच वर्गातील असून तो सु. ४·२ दिवसांत ताऱ्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतो.

ग्रह ताऱ्याआड गेला (पिधान) म्हणजे दोघांची एकत्रित दीप्ती किंचित घटते. या घटीवरून परावर्तनक्षमता काढता येते. तथापि घट दशलक्षांत काही भाग एवढीच असते. शिवाय इतका तप्त ग्रह स्वतःही दृश्य प्रकाश उत्सर्जित करतो. परावर्तित प्रकाश व ग्रहाची स्वतःची दीप्ती वेगळी करणे ही या अभ्यासातील खरी अडचण होय. अवरक्त मापनांवरून ग्रहाचे तापमान ठरवून स्वदीप्तीचा अंश वजा करतात; पण तापमानाच्या अंदाजातील चूक परावर्तनक्षमतेतही उतरते.

अमरावती, अकोला भागांतील कापसाची काळी जमीन आपाती प्रकाशाचा अल्पांशच परत पाठविते. ‘ट्रेस-२ बी’ हा ग्रह तिच्याहूनही काळा असून त्याची परावर्तनक्षमता २०११ मध्ये सु. २·५ टक्के आढळली. मात्र येथे काळा पृष्ठभाग असा नाहीच. परावर्तक मेघांच्या अभावी प्रकाश वायूत खोल शिरतो आणि सोडियम, पोटॅशियम यांसारख्या द्रव्यांच्या बाष्पांत शोषला जातो, असे मानतात. उलट ‘एलटीटी ९७७९ बी’ हा अधिक तप्त ग्रह सु. ८० टक्के प्रकाश परावर्तित करतो, असे २०२३ मध्ये दिसून आले. सु. २,०००° से. तापमानास मेघ टिकू नयेत. परंतु तेथील वातावरण सिलिकेटे व धातू यांच्या बाष्पांनी अतिसंपृक्त असल्याने ते बनतात, असे स्पष्टीकरण देण्यात येते.

ग्रह ताऱ्यासमोरून जाताना (अधिक्रमण) ताऱ्याचा काही प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो. त्याच्या वर्णपटावरून ‘एचडी २०९४५८ बी’ या ग्रहावरील सोडियम (२००२) व ‘वास्प-३९ बी’ वरील कार्बन डाय-ऑक्साइड (२०२२) ओळखण्यात आले. ताऱ्याच्या प्रखर प्रारणाने अशी वातावरणे अवकाशात निसटतात. ‘हॅट-पी-११ बी’ या नेपच्यूनएवढ्या ग्रहातून हेलियम निसटत असल्याचे २०१८ मध्ये आढळले. ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राचा या निसटण्यावर परिणाम होतो. असे क्षेत्र असल्यास ग्रहापासून रेडिओ तरंग मिळावेत, या अपेक्षेने पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाने (जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या) याच ग्रहाचा वेध घेण्यात आला. २००९ मध्ये १५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेला क्षीण संकेत मिळाला व ग्रह ताऱ्याआड जाताच तो लुप्त झाला. फ्रेंच व भारतीय संशोधकांनी २०१३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो केवळ सूचक म्हणूनच. कारण २०१० मध्ये पुन्हा वेध घेतला असता संकेत मिळाला नव्हता.